स्नानसंस्कार एकदाच



लहानपणी मस्तकावर ओंजळभर पाणी घातले तो बाप्तिस्मा नव्हेच, आता नदीत बुडून खरा बाप्तिस्मा घ्यावा, असे सांगणारी मंडळी आपल्या तरुणांना हुबळी-धारवाडात भेटतात. मुलगा गोंधळतो आणि घरी आईच्या जिवाला घोर लागतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करू.

हा वाद जुना आहे व मराठी मुलखाशी त्याचा जवळचा संबंध आहे. १८१२ साली अमेरिकेतील एका संस्थेने पाच प्रोटेस्टंट मिशनरी हिंदुस्थानास पाठविले. त्यांपैकी अदोनिराम जडसन यांनी सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांस उत्तर देता यावे म्हणून प्रवासातच या विषयाचा अभ्यास केला. पण त्यांचे स्वतःचेच मत पालटले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यास त्यांनी पत्नीसह बुडून बाप्तिस्मा घेतला. पुढे लूथर राइस यांनीही तेच केले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मात्र पूर्वमतावर ठाम राहिले. १८१३ साली मुंबईस येऊन त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. एकाच कार्यास निघालेले सोबती या प्रश्नावरून असे वेगळे झाले.

बॅप्टिस्ट बंधूंचे म्हणणे दुहेरी आहे : आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणे. त्यांचा दुसरा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ख्रिस्ताबरोबर पुरले जाऊन नव्या जीवनात उठणे, हा संत पौलाने सांगितलेला अर्थ बुडविण्यात स्पष्ट दिसतो. म्हणूनच ख्रिस्तसभा बुडविणे व पाणी ओतणे या दोन्ही रीती मान्य करते. ‘दिदाखे’ नावाच्या अतिप्राचीन ग्रंथात वाहते पाणी श्रेष्ठ मानले आहे. पण पुरेसे पाणी नसल्यास मस्तकावर तीनदा ओतण्याची मुभाही दिली आहे. पाणी मलप्रभेचे असो वा घागरीतले, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, ख्रिस्तसभेच्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा खराच असतो.

राहिला बालकांचा प्रश्न. बाळ स्वतः बोलू शकत नाही हे खरे. परंतु कृपा ही कमाई नव्हे, देणगी आहे. आईबाप, धर्मपिता, धर्ममाता व सारी ख्रिस्तसभा यांच्या विश्वासात बाळाचा स्वीकार होतो, आणि पुढे तो विश्वास त्याने स्वतःचा करावयाचा असतो.

मात्र हाच नियम आपल्यालाही लागू आहे. बासेल मिशनचे लोक १८३७ साली धारवाडास आले. त्यांच्या परंपरेतील घरची मुलगी आज आपल्या घरी सून म्हणून आली, तर तिचा बाप्तिस्मा खोटा ठरवून तिला पुन्हा पाणी घालण्याचा हट्ट आपण धरू नये. तिचा दाखला आपल्या धर्मगुरूंना दाखवावा. चौकशीअंतीही गंभीर शंका उरली तरच सशर्त बाप्तिस्मा देतात. ज्या संस्काराची आपल्या मुलाच्या बाबतीत कोणी अवहेलना केली तर आपल्याला दुःख होते, त्याच संस्काराची सुनेच्या बाबतीत अवहेलना करणे शोभत नाही.

तरुणांना माझे एवढेच सांगणे : बाप्तिस्म्याचे जीवन फिके वाटू लागले, तर दुसरे पाणी शोधू नका. पापनिवेदन करा, प्रार्थनेला बसा, शेजाऱ्याशी समेट करा. एकदा जन्मलेल्या लेकराला पुन्हा जन्म नको असतो. त्याला वाढावयाचे असते.