राज्यातलं की राज्याबाहेरचं?

गेल्या आठवड्यात लंच टेबलवर माझ्या बॉसने लॅपटॉप उघडला. मला वाटलं आता परत प्रॉडक्शन इश्यू. बघतो तर एक्सेल शीट. डावीकडे तीन कॉलेजं, वर चौदा कॉलम, प्रत्येक कॉलमला वेटेज, आणि शेवटी एक हिरवा रकाना: 'स्कोअर'. त्याची मुलगी अकरावीत आहे. सॉफ्टबॉल खेळते, कॅचर आहे. तिला तीन कॉलेजांकडून विचारणा आलीय आणि घरात सध्या दुसरा विषय नाही.

"तुम्हा इंडियन लोकांना अ‍ॅडमिशनमधलं कळतं, तू बघ जरा," म्हणाला. आता याला काय सांगणार, की आमच्या अ‍ॅडमिशनमध्ये खेळाचा संबंध फक्त 'खेळ बंद कर आणि अभ्यासाला बस' एवढाच असतो! :)

पण शीट बघितली आणि वीकेंडभर डोक्यातून गेली नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना सॉफ्टबॉल म्हणजे मुलींचं बेसबॉल एवढंच माहीत असतं. अमेरिकेत डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पायरी. तिथे सॉफ्टबॉलच्या सुमारे ३०० टीम्स आहेत. मुलींच्या खेळांना कॉलेजात एवढं स्थान मिळालं त्यामागे १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा आहे. शेवटच्या आठ टीम्स दर वर्षी ओक्लाहोमा सिटीला वर्ल्ड सीरीज खेळतात. आम्ही राहतो तिथून, म्हणजे डॅलसहून, ते तीन-साडेतीन तासांवर आहे. बॉस दर वर्षी सुट्टी टाकून जातो, रिलीज असो नाहीतर नसो.

पूर्वी यात भलताच गोंधळ होता. आठवीतल्या मुली कॉलेजला तोंडी होकार देऊन बसायच्या. आठवीत! आठवीत मला उद्याचा डबा काय आहे याच्या पुढचं दिसत नव्हतं. २०१८ मध्ये नियम बदलला. आता अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत कोच मुलीशी भरतीबद्दल बोलूच शकत नाही. त्यामुळे त्या रात्री बाराच्या ठोक्याला मेसेज यायला लागतात. बॉसच्या घरी त्या रात्री कोणी झोपलं नाही म्हणे. आपल्याकडे निकालाच्या दिवशी वेबसाइट रिफ्रेश करत बसतात, त्यातलाच प्रकार.

आता मूळ प्रश्न. राज्यातलं कॉलेज घ्यायचं की राज्याबाहेरचं?

हा प्रश्न मला नवा नाही. २०१५ मध्ये मी एनआयटीचं चॉइस फिलिंग करत होतो तेव्हा आमच्या नागपूरच्या घरात हीच चर्चा होती. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात. 'होम स्टेट'मधून व्हीएनआयटीला नको असलेली ब्रँच मिळत होती आणि 'अदर स्टेट'मधून ईशान्येकडच्या एका एनआयटीत कॉम्प्युटर. बाबा म्हणाले, ब्रँच बघ. आई काहीच म्हणाली नाही, नुसती पोळ्या करत राहिली. मी गेलो. दिवाळीला घरी यायला ट्रेनमध्ये दोन रात्री जायच्या. पहिल्या सेमिस्टरला ताप आला तेव्हा रूममेटने मेसमधून आणलेली खिचडी अजून आठवते. पश्चात्ताप नाही, पण लांब जाण्याची किंमत कशात मोजतात ते मला तेव्हा कळलं.

एक फरक मात्र मोठा आहे. एनआयटीत होम स्टेट असो की अदर स्टेट, फी तीच. आपल्याकडे राज्याची सीमा रँकमध्ये दिसते, अमेरिकेत ती बिलात दिसते. सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या मुलाला एक फी आणि बाहेरच्याला दुसरी, आणि दुसरी कित्येकदा तिप्पट असते. कॅलिफोर्नियाच्या यूसी विद्यापीठांत तर बाहेरच्यांना नुसती जादा फीच वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर आहे.

"पण स्कॉलरशिप असते ना?" हा प्रश्न मीही विचारला. बॉस हसला. अनेक वर्षं डिव्हिजन वनमध्ये एका सॉफ्टबॉल टीमला फक्त १२ स्कॉलरशिप होत्या आणि मुली वीसच्या आसपास. कोच त्या बारांचे तुकडे करून वाटायचा. कोणाला पाव, कोणाला अर्धी. पूर्ण फार थोड्यांना. २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर ती १२ ची मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीम २५ जणींची असं बंधन आलं. कागदावर आता पंचविसांनाही पूर्ण देता येते. पण मर्यादा गेली म्हणून पैसे आले असं होत नाही. देणारं कॉलेज श्रीमंत हवं. बाकीकडे तुकडेच.

आणि तुकड्यांचा हिशोब फसवा असतो. समजा, बाहेरच्या कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च ६० हजार डॉलर आणि ते देतायत ५० टक्के. राज्यातल्याचा ३० हजार आणि ते देतायत २५ टक्के. ऐकायला पहिली ऑफर दुप्पट मोठी. खिशातून मात्र पहिल्याला ३० हजार जाणार आणि दुसऱ्याला साडेबावीस. चार वर्षांत ३० हजार डॉलरचा फरक. बॉसच्या शीटमध्ये कॉलम होता 'स्कॉलरशिप टक्के'. मी तो काढायला लावला आणि तिथे 'आपल्या खिशातून, चार वर्षांचे' असा कॉलम टाकला. हिरवा रकाना लगेच दुसऱ्या कॉलेजवर गेला. तो थोडा वेळ गप्प बसला.

तर पहिला मुद्दा हा. राज्याची सीमा ही फीची सीमा आहे, तेवढंच तिचं महत्त्व. लोक तिला अंतर समजतात, आणि तिथे गडबड होते. डॅलसहून ओक्लाहोमा विद्यापीठाचं नॉर्मन गाव तीन तासांवर आहे. ते राज्याबाहेर. टेक्सास टेकचं लबक पाच तासांवर. ते राज्यात! आईवडलांनी शनिवारची मॅच बघून रात्री घरी यायचं असेल तर तास मोजावेत, नकाशावरची रेघ नाही.

त्यातही गंमत अशी की 'घराजवळ' या शब्दालाच आता फारसा अर्थ उरलेला नाही. २०२४ पासून लॉस एंजेलिसचं यूसीएलए बिग टेनमध्ये खेळतं, म्हणजे कॉन्फरन्सच्या मॅचेसना न्यू जर्सी नाहीतर मेरीलँडपर्यंत जावं लागू शकतं. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर पॅसिफिकच्या काठावर बसून 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये खेळतात. हे नाव ठेवणाऱ्याने भूगोल ऑप्शनला टाकला असावा. मोसम फेब्रुवारीत सुरू होतो, नियमित मॅचेस जास्तीत जास्त ५६. उत्तरेकडच्या बर्फातल्या टीम्स पहिले काही आठवडे दक्षिणेतच फिरत असतात. म्हणजे राज्यातलं कॉलेज घेतलं तरी पोरगी विमानातच. लॅब आणि सबमिशन्स तिने कधी करायची, हा प्रश्न कोणत्याच ब्रोशरमध्ये नसतो. नर्सिंग किंवा इंजिनियरिंग घ्यायचं असेल तर तो कोचला तोंडावर विचारायला हवा.

आता माझ्या मताच्या विरुद्ध बाजूचं. बाहेर जाऊ नये असं मी म्हटलं तर लगेच जोसलिन आलोचं उदाहरण पुढे येतं. हवाईची मुलगी. हवाईत डिव्हिजन वनची टीम एकच. ती गेली ओक्लाहोमाला आणि १२२ होम रन मारून कॉलेज सॉफ्टबॉलचा विक्रम करून बसली. मार्च २०२२ मध्ये जुना विक्रम मोडणारा ९६ वा होम रन तिने कुठे मारला माहितीये? होनोलुलूत, आपल्या माणसांसमोर, हवाईच्याच टीमविरुद्ध. असा सीन सिनेमात दाखवला तर आपण म्हणू काहीही दाखवतात. आणि अलास्कासारख्या राज्यात डिव्हिजन वनची टीमच नाही, तिथल्या मुलीला 'राज्यातलं घे' म्हणणं म्हणजे तिची थट्टा.

दुसरं उदाहरण निजारी कॅनडीचं. कॅन्ससची पिचर, आधी स्टॅनफर्डला गेली, मग २०२४ मध्ये टेक्सास टेकला, साडेदहा लाख डॉलरच्या करारावर. पुढच्याच वर्षी टीमला फायनलला नेलं. तिथे टेक्सासकडून हरले, पण ते असो.

मान्य. पण ही टोकं आहेत. आलोकडे बघून निर्णय घेणं म्हणजे सचिनकडे बघून दहावीनंतर शिक्षण सोडणं. सरासरी मुलीचं काय? ती चार वर्षं खेळणार आणि मग नोकरी करणार. सॉफ्टबॉलमध्ये प्रो लीग आहे, पण त्यावर घर चालेल अशा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे शेवटी हातात राहणार डिग्री आणि कर्ज. डिग्री चांगली हवी आणि कर्ज कमी हवं, यात सॉफ्टबॉल कुठेच नाही.

बॉसचं म्हणणं वेगळं होतं. "आता ट्रान्सफर सोपी आहे. नाही आवडलं तर बदलेल." बरोबर आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं आणि २०२४ पासून मार्क नीट असतील तर कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. पण मला वाटतं याचा अर्थ तो काढतो त्याच्या उलट आहे. एक, पोर्टल कोचलाही उघडं आहे. जागा २५ च. अठरा वर्षांची नवखी घडवत बसण्यापेक्षा दोन वर्षं खेळलेली तयार मुलगी आणणं कोचला सोपं. म्हणजे ज्या मोठ्या नावाच्या कॉलेजला तुम्ही चालला आहात तिथे तुमची जागा दर उन्हाळ्यात पुन्हा लिलावाला निघते. दोन, आपण सॉफ्टवेअरवाले जाणतो की जे रोलबॅक करता येतं ते बिनधास्त करावं, जे करता येत नाही ते जपून. कॉलेज रोलबॅक होतं. कर्ज होत नाही. क्रेडिट्सही सगळे ट्रान्सफर होतातच असं नाही. मग सुरुवात कमी कर्जाच्या जागेपासून का नको? घराजवळ दोन वर्षं खेळून चमकली तर लांबचे स्वतःहून बोलावतीलच.

म्हणून माझं मत सरळ आहे. राज्यातलं कॉलेज हा डिफॉल्ट धरावा. बाहेरच्या कॉलेजने तो खोडून दाखवावा. खोडायची कारणं तीनच: तिथे ती खरोखर मैदानात उतरणार असेल, तिला हवी ती डिग्री इथे नसेल, किंवा खिशातून जाणारी रक्कम इथल्यापेक्षा जास्त नसेल. मोठं नाव, नवं स्टेडियम, फुकटचे बूट, कोच फार गोड बोलला, ही कारणं नव्हेत. कोच जातात. आणि एक जुनी कसोटी इथे सगळेच सांगतात, तीही लावावी: उद्या गुडघा गेला आणि खेळ कायमचा थांबला, तर त्या गावात, त्या कॉलेजात राहायला आवडेल का?

हे सगळं मी सोमवारी बॉसला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तिने काल एकच प्रश्न विचारला. तिन्ही टीम्समध्ये आत्ता कॅचर कोण आहे आणि कितव्या वर्षाला?"

चौदा कॉलम्समध्ये हा कॉलम नव्हता. आम्ही लंच सोडून तिन्ही टीम्सच्या याद्या उघडल्या. पूर्वेकडच्या नामांकित कॉलेजात दोन कॅचर, दोघी पहिल्या वर्षाला. म्हणजे हिने तिथे किमान दोन वर्षं बाकावर बसायचं. रेड रिव्हरपलीकडच्या कॉलेजात एक, दुसऱ्या वर्षाला, आणि फी बाहेरच्यांची. टेक्सासमधल्या त्या छोट्या कॉलेजात, ज्याचं नाव बॉस थोडं हळू आवाजात घ्यायचा, त्यांची कॅचर तिसऱ्या वर्षाला. ही पोचेल तोपर्यंत ती पास होऊन गेलेली असेल.

पोरीला हे बहुतेक आधीच माहीत होतं. ती बापाची शीट पूर्ण व्हायची वाट बघत होती.

अजून सह्या व्हायच्या आहेत, त्या बारावीच्या नोव्हेंबरमध्ये. कॅचर पोर्टलमधून कोणी आणली तर सगळं पुन्हा मांडावं लागेल, हेही खरं. पण आज बॉसच्या गाडीच्या मागच्या काचेवर नवीन स्टिकर दिसलं. त्या छोट्या कॉलेजचं. मी काही बोललो नाही. त्यानेच सांगितलं, "चार तास दहा मिनिटं. मध्ये एक चांगलं बार्बेक्यू आहे."

मला एकदम नागपूर स्टेशनवर डबा घेऊन उभी असलेली आई आठवली. तिचा कॉलम आमच्याही शीटमध्ये नव्हता.