खांबाआडची खुर्ची

बँकेत असताना माझ्या टेबलावर घरतारणाच्या कर्जाची प्रकरणं यायची. प्रत्येक प्रकरणाला व्हॅल्युअरचा अहवाल जोडलेला असे आणि त्यात एक रकाना हमखास असायचा : इमारतीचं उरलेलं आयुष्य. व्हॅल्युअर आवारात एक चक्कर मारायचा, भिंतीवर दोन टिचक्या मारायचा आणि तिथं आकडा लिहायचा. वीस वर्षं, पंधरा वर्षं. त्या आकड्याच्या भरवशावर आम्ही खाली सह्या करायचो. इमारतीत राहणाऱ्यांना काय वाटतं, हे लिहायला मात्र त्या छापील फॉर्मात जागा नव्हती. कारकुनी दृष्टीनं ते बरोबरच होतं म्हणा.

हा रकाना मला पुन्हा आठवला तो दोन वर्षांपूर्वी, बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये, एका लोखंडी खांबाच्या मागे बसून बेसबॉल बघताना.

बेसबॉलशी माझं नातं काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. काहीही नाही. माझ्या पिढीचा खेळ म्हणजे १९७१ सालचा वाडेकरांचा संघ आणि शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती जमलेली आळी. पण न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीकडे गेलो होतो आणि आम्ही चार जुने मित्र योगायोगानं तिथं एकत्र आलो. एक चाळीस वर्षांपासून तिथलाच. दुसरा निवृत्त शाळामास्तर, नातवाला सांभाळायला आलेला. तिसरा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. नायगारा, वॉशिंग्टन हे सगळ्यांचं करून झालं होतं. तिथल्या मित्राच्या डोक्यात एकच खूळ : तुम्हाला फेनवे दाखवतो. मुलं हसली. ‘बाबा, न्यूयॉर्कचं स्टेडियम तासाभरावर आहे. त्यासाठी बोस्टनला कशाला?’ पण खूळ म्हटल्यावर हिशेब कसला! मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेऊन पहाटे पाचला निघालो.

हडसन नदी ओलांडली की कनेक्टिकट लागतं. डॅनबरी, वॉटरबरी, हार्टफर्ड अशी गावं मागे पडतात. रस्ता सुरेख आणि कंटाळवाणा. साडेतीनशे-चारशे किलोमीटरच्या त्या प्रवासात तिथल्या मित्रानं आम्हाला खेळ समजावला. मास्तर दर दहा मिनिटांनी ‘म्हणजे आपली विटीदांडूच की रे!’ म्हणून त्याचा उत्साह मोडत होता.

आणि मग ते मैदान. पहिल्या नजरेला ते स्टेडियम वाटतच नाही. विटांची जुनी गिरणी असावी, तसं ते गल्ल्यांच्या बेचक्यात बसलंय. एका बाजूला लॅन्सडाउन स्ट्रीट, दुसरीकडे जर्सी स्ट्रीट, केनमोरचं भुयारी रेल्वे स्टेशन पाच-सात मिनिटांच्या चालीवर. मधल्या तुकड्यात मावेल तेवढंच मैदान केलं, म्हणून त्याच्या बाजू वेड्यावाकड्या. डाव्या अंगाला रस्ता अगदी जवळ, म्हणून तिथं सदतीस फुटी उंच भिंत उभी केलेली. तिला लोक ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात. हिरवा रंग तिला १९४७ मध्ये लागला, त्याआधी तिच्यावर जाहिराती होत्या. तिच्या पायथ्याचा धावफलक आजही हातानं बदलतात. भिंतीच्या पोटात माणसं बसलेली असतात आणि ती आकड्यांच्या पाट्या लावतात. आमच्या बँकेत लेजर जाऊन संगणक आले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तरीही तो हातानं बदलणारा आकडा बघताना गंमत वाटली, हे खरं.

आमच्या खुर्च्या स्वस्तातल्या होत्या. म्हणजे त्यातल्या त्यात स्वस्त, कारण फेनवे स्वस्त नाही. खांब आड येईल, हे तिकीट घेतानाच स्पष्ट सांगितलेलं. ही सचोटी माझ्यातल्या बँकवाल्याला आवडली. खुर्ची लाकडाची, १९३० च्या दशकातल्या बांधणीची, आणि आजच्या देहाला अरुंद. इंजिनिअर बसताक्षणी म्हणाला, ‘अरे, हे पाडलंच पाहिजे!’

तो एकटाच असं म्हणालेला नाही. फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झालं, टायटॅनिक बुडाल्यावर पाच दिवसांनी. १९१९ च्या डिसेंबरात रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ या खेळाडूला न्यूयॉर्कच्या यँकीजना एक लाख डॉलरला विकलं. ही कथा अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. मला तिचा दुसरा भाग जास्त रंजक वाटला. त्याच व्यवहारात यँकीजचे मालक जेकब रुपर्ट यांनी फ्रेझींना तीन लाख डॉलरचं कर्जही दिलं आणि त्यासाठी तारण घेतलं ते खुद्द फेनवे पार्क! म्हणजे खेळाडू विकला आणि मैदानाचा कागदही शत्रूच्या कपाटात. १९१८ नंतर रेड सॉक्सना थेट २००४ मध्ये विजेतेपद मिळालं. मधली शहाऐंशी वर्षं लोक त्याला रूथचा शाप म्हणत राहिले. शापबिप मी मानत नाही. पण तारण कुणाकडे ठेवावं, याचे काही नियम असतात.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या व्यवस्थापनानं जाहीर केलं की फेनवेचं आयुष्य संपलं, शेजारीच नवं स्टेडियम बांधू. खर्चाचा अंदाज पन्नास कोटी डॉलरच्या वर आणि त्यातला मोठा वाटा राज्यानं आणि शहरानं उचलायचा. कारणं सगळी ओळखीची : जागा कमी, खांब जुने, स्वच्छतागृहं अपुरी, दुरुस्ती परवडत नाही. पण ‘सेव्ह फेनवे पार्क’ नावाखाली काही नागरिक एकत्र आले आणि दुरुस्ती शक्य आहे, असं नुसतं रडून नव्हे तर नकाशे मांडून सांगू लागले. २००२ मध्ये क्लबची मालकी बदलली. नव्या मालकांनी जॅनेट मेरी स्मिथ या वास्तुतज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाल्टिमोरच्या १९९२ सालच्या कॅम्डन यार्ड्स या मैदानात, शेजारची जुनी विटांची वखार न पाडता स्टेडियमचाच भाग करून घेतली गेली, त्या कामात या बाई होत्या. त्यांच्या देखरेखीखाली फेनवेची दहा वर्षं टप्प्याटप्प्यानं डागडुजी झाली, तीही खेळ न थांबवता. दर हिवाळ्यात एक भाग. २००३ मध्ये त्या हिरव्या भिंतीच्या माथ्यावरच खुर्च्या बसवल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून २०१३ च्या एप्रिलपर्यंत, प्लेऑफ धरून सलग ८२० सामन्यांची सगळी तिकिटं विकली गेल्याची नोंद आहे. ‘आयुष्य संपलेल्या’ मालमत्तेचं हे उत्पन्न!

याला जोडून डेट्रॉइटचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेनवे उघडलं, त्याच दिवशी, २० एप्रिल १९१२ लाच तिथलं मैदान सुरू झालं होतं. पुढे त्याचं नाव टायगर स्टेडियम पडलं. १९९९ मध्ये तिथं शेवटचा सामना झाला, संघ नव्या स्टेडियममध्ये गेला, आणि जुनं जवळजवळ दहा वर्षं ओस पडून २००८-०९ मध्ये पाडलं गेलं. त्यानंतर तिथले काही रहिवासी आपापली गवत कापायची यंत्रं घेऊन त्या रिकाम्या प्लॉटवर जायचे आणि जुन्या मैदानाची आखणी सांभाळायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. २०१८ पासून तिथं मुलांसाठी मैदान आहे, कृत्रिम गवताचं. एकाच तिथीला जन्मलेल्या या दोन वास्तूंपैकी एक उभी आहे, एक नाही. फरक विटांमध्ये होता, असं मला वाटत नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. फेनवेचा इतिहासही काही सगळा गोड नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांची इथं चाचणी झाली आणि पुढे कुणी त्यांना बोलावलंच नाही. दोन वर्षांनी ब्रुकलिनच्या संघानं त्यांना मैदानात उतरवून इतिहास घडवला. बोस्टननं कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५९ मध्ये, सगळ्या मोठ्या संघांच्या शेवटी. त्या काळचे मालक टॉम यॉकी यांचं बाहेरच्या रस्त्याला दिलेलं नाव २०१८ मध्ये काढलं आणि जुनं जर्सी स्ट्रीट हे नाव परत आलं. म्हणजे तिथंही डागडुजीच केली. खुपत होतं ते काढलं, वास्तू ठेवली. आणि डागडुजी झाल्यावर तिकिटं महागली, हाही ठपका खरा आहे. मजुरी करणारा माणूस चार पोरांना घेऊन आज तिथं सहज जाऊ शकत नाही.

आपल्याकडे हल्ली कुठल्याही गावी जा, पुनर्विकास हा शब्द आधी कानावर येतो. वाडा, चाळ, सोसायटी, नाट्यगृह, शाळेचं मैदान. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे, त्यात माणसं राहतात, तिथं भावनेला थारा नको. माझं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. ‘दुरुस्ती परवडत नाही’ हे वाक्य कोण उच्चारतो, ते बघा. बहुतेक वेळा ज्याला नव्या बांधकामातून मिळायचं असतं, तोच. दुरुस्तीचा अंदाज आणि नव्याचा अंदाज शेजारी-शेजारी मांडलेले मी माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिले. पहिला कागद मागितला की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. बोस्टनच्या लोकांनी तो पहिला कागद स्वतः तयार केला, एवढंच त्यांचं वेगळेपण. आपल्या गावच्या नाट्यगृहासाठी किती जणांनी तो केला?

आमच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करत होत्या. वडिलांबरोबर लहानपणापासून येतात म्हणाल्या. आमची खांबामुळे होणारी तारांबळ बघून त्यांनी युक्ती शिकवली : पिचरनं हात उचलला की डावीकडे कलायचं, चेंडू मारला गेला की उजवीकडे. पाहिलं तर आमची अख्खी रांग तेच करत होती, वाऱ्यावर जोंधळा हलावा तशी. दूर उजव्या अंगाच्या हिरव्या बाकांमध्ये एकच लाल खुर्ची दिसते, तीही त्यांनीच दाखवली. १९४६ च्या जूनमध्ये टेड विल्यम्स यांनी मारलेला ५०२ फुटांचा टोला तिथं बसलेल्या माणसाच्या गवती टोपीवर आदळला होता.

रेड सॉक्स हरले. बाईंनी वही मिटली आणि ‘उद्या पुन्हा आहे’ म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मास्तर झोपला. इंजिनिअर मागच्या सीटवर गप्प होता. जरा वेळानं त्यानं माझ्याकडे पेन मागितलं. हार्टफर्ड येईपर्यंत त्यानं कागदी रुमालावर त्या छपराचा छेद काढला होता, आणि जुन्या तुळयांना हात न लावता एकाआड एक खांब कसा काढता येईल, ते तो आम्हाला समजावून सांगू लागला.