गाडी बघणाऱ्यांसाठी की चालवणाऱ्यासाठी?

आमच्याकडे गाडी घ्यायची ठरली की सगळ्यांना विचारतात. थोरल्या काकांना, दाजींना, गॅरेजवाल्याला, पतसंस्थेच्या मॅनेजरला, झालंच तर मुहूर्तासाठी गुरुजींना. फक्त एका माणसाला कुणी विचारत नाही, जो ती गाडी रोज चालवणार असतो त्याला. बरीच वर्षं हे बघतोय. आता भाच्याच्या निमित्तानं एकदाचं लिहूनच टाकतो. घरची मंडळी हे वाचणार याची पूर्ण कल्पना आहे. किंबहुना म्हणूनच लिहितोय.

मामला साधा आहे. भाचा श्रीपूरला राहतो, अकलूजला नोकरीला जातो. शिफ्ट असल्यामुळे निम्मे दिवस परतताना अंधार. बजेट चार लाख, कागदपत्रं आणि सुरुवातीची डागडुजी धरून. घरात आई-वडील, बायको आणि एक पोरगी. त्याला हवी आहे एक लहान पेट्रोल गाडी, सेकंडहँड चालेल, पण चालवायला मजा आली पाहिजे. दिवाळीत घरी सभा भरली आणि तीन ठराव आले. दाजी म्हणाले, जुनी स्कॉर्पिओ घे, चार लोकांत उठून दिसते. त्याचे काका म्हणाले, जुनं कशाला, नवीच घे, हप्ते भरू. आणि आमचे थोरले बंधू म्हणाले, मायलेज आणि रिसेल बघ, बाकी सगळ्या गाड्या सारख्याच. "मजा" हा शब्द त्यानं काढला तेव्हा सगळे हसले. मजा करायला गाडी घेतोस होय रे?

तर माझं म्हणणं असं की होय, मजेसाठीच घ्यावी. आणि हसणाऱ्यांना मजा म्हणजे काय तेच कळलेलं नाही.

मजा म्हणजे हायवेला एकशे चाळीस नव्हे. ती मजा नाही, तो आगाऊपणा. मजा म्हणजे गाडी हातात बसते. स्टेअरिंग वळवलं की लगेच वळते, ब्रेकवर पाय ठेवला की किती थांबणार ते पायाला कळतं, दुसऱ्या गिअरमध्ये दाबली की ओढते, आणि रस्ता कसा आहे ते सीटमधून समजतं. आता हा माणूस कुठल्या रस्त्यानं जातो ते बघा. श्रीपूर हे साखर कारखान्यामुळे वाढलेलं गाव. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट १९३४ सालचं. पलीकडे माळीनगर, पुढे अकलूज, जिकडे बघाल तिकडे कारखाने. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. मागे लाईट नाही, रेडियम असलं तर चिखलानं माखलेलं, पुढे ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं की हॉर्न ऐकू जाणार नाही. मध्येच बैलगाडी. मध्येच ट्रॉलीवरून घसरलेली उसाची मोळी. वळणावर अंधारात अचानक समोर ट्रॉलीचं मागचं फळकूट दिसतं तेव्हा चालवणाऱ्याच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. त्या दोन-तीन सेकंदांत गाडी त्याचं ऐकते की नाही, हा प्रश्न आहे. जी गाडी चालवायला मजा येते ती बहुतेक वेळा ऐकणारी गाडी असते. म्हणजे पोरगं चैन मागत नाहीये. ज्या वस्तूवर त्याचा जीव अवलंबून आहे ती त्याच्या हाताला जमणारी असावी, एवढंच मागतंय.

गंमत म्हणजे हे आपल्या लोकांना कळत नाही असं नाही. खिलार बैल घ्यायला सांगोल्याच्या बाजारात जातात तेव्हा बघा. आदत आहे का, दुसा आहे का चौसा, दात उघडून बघतात. चालवून बघतात, पाय कसा टाकतो, खांद्याला कसा आहे, माणसाला बुजतो का. मगच रुमालाखाली बोटं धरतात. अकलूजच्या घोडेबाजारात फेरी मारल्याशिवाय कुणी घोडा घेईल का? आणि हीच माणसं लाखांची गाडी घेताना काय बघतात? रंग, काळ्या काचा आणि नंबर फॅन्सी आहे का. दात बघून बैल घेणारा शेतकरी टेस्ट ड्राईव्हला मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो.

आता एकेक ठराव घेऊ.

पहिला, जुनी मोठी गाडी. दाजी, तुमचा मुद्दा नुसता रुबाबाचा नाही, "जाड पत्र्यात जीव वाचतो" असंही तुम्ही म्हणालात. हा मुद्दा गंभीर आहे म्हणून गंभीर उत्तर देतो. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपनं त्या वेळची एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून बघितली. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेला स्टार मिळाले शून्य. नंतरच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच मिळाले, पण ती चार लाखांत येत नाही. चार लाखांत येते ती बारा-तेरा वर्षांची. तिचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलेलं, पुढे फिटनेस, फेरनोंदणीची वाढीव फी आणि पर्यावरण कर. आणि ताकदीचं म्हणाल तर जुन्या स्कॉर्पिओची १२० अश्वशक्ती पावणेदोन टनांहून जास्त वजन ओढते, म्हणजे टनामागे सत्तरच्या आत. मारुती इग्निसचं वजन साडेआठशे किलोच्या आसपास आणि ताकद साधारण ८२, म्हणजे टनामागे पंच्याण्णवच्या वर. दारात कोण मोठं दिसतं ते वेगळं आणि ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना कोण पटकन निघतं ते वेगळं.

दुसरा, नवी आणि हप्ते. नव्या गाडीला माझा विरोध नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हेही खरं. पण त्याच्या पगारात हप्ता बसत नाही, म्हणून तो दाजींच्या ऊसबिलावर धरलेला आहे. ऊसबिल १४ दिवसांत मिळावं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते प्रत्यक्षात कधी मिळतं, हे ऊस घालणाऱ्याला विचारा. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. पैसा वर्षातून दोन-तीनदा येणार आणि देणं बारा वेळा, याला हिशेब म्हणत नाहीत, घोर म्हणतात. पाच-सात वर्षं तो घोर कशासाठी? तर सीटवरचं प्लॅस्टिक सहा महिने तसंच ठेवता यावं म्हणून?

सेकंडहँड म्हटलं की नाक मुरडायची सवय तर अगदी अलीकडची आहे. १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. त्या काळात हातात मिळणारी जुनी फियाट नव्याच्या किमतीच्या वर जायची आणि घेणारा पेढे वाटायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र बदलू लागलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपल्याला वाटतो.

तिसरा, मायलेज आणि रिसेल. भाच्याचं फिरणं वर्षाला नऊ हजार किलोमीटर. एक गाडी लिटरला १८ देते, दुसरी १५. पहिलीला ५०० लिटर लागतात, दुसरीला ६००. फरक शंभर लिटरचा, म्हणजे महिन्याला हजाराच्या आत-बाहेर. पैसे आहेतच, नाही म्हणत नाही. पण एवढ्याच एका आकड्यावर पुढची आठ वर्षं ठरवायची? एवढ्या कमी फिरण्याला डिझेलही परवडत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, तेव्हापासून पूर्वीची ती मोठी तफावत गेली. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. आणि रिसेल? रिसेल बघून गाडी घेणं म्हणजे आपल्यानंतरच्या माणसाच्या आवडीची गाडी आपण आठ वर्षं सांभाळणं. त्याच्यासाठी पैसे आपण भरायचे आणि मजा त्यानं करायची. वा!

मग घ्यायची कोणती? नुसती टीका करून सुटका नाही, त्यामुळे सांगतो. आधी एक चाळणी. गाडी अशी हवी जिचा फिल्टर आणि ब्रेक पॅड अकलूजला त्याच दिवशी मिळतो आणि जिचं काम आपला मिस्तरी डोळे झाकून करतो. या चाळणीत चाकणला बनणारी पोलो अडकते. चालवायला फार छान, पण २०२२ मध्ये बनायची थांबली आणि अवघड काम निघालं की पुण्याची वारी. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्यानं जरूर घ्यावी.

दुसरी चाळणी एअरबॅगची. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत ती आहे का, ते मॉडेल बघून खात्री करायची. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या इग्निसला दोन एअरबॅग आणि एबीएस अगदी खालच्या मॉडेलपासून आहेत. फेब्रुवारी २०१८ च्या स्विफ्टलाही तसंच. दोन्ही हलक्या, दोन्हींना तेच उत्साही १.२ लिटरचं इंजिन, दोन्हींचे मिस्तरी गावोगाव. स्विफ्टला मागणी जास्त म्हणून ती महाग. इग्निसला लोक डबा म्हणतात म्हणून ती त्याच पैशात कमी वापरलेली मिळू शकते. लोकांच्या नजरेतून उतरलेली चांगली गाडी, याहून स्वस्त सौदा नाही. खोटं मात्र सांगणार नाही. २०२२ च्या शेवटी ग्लोबल एनकॅपच्या कडक झालेल्या चाचणीत या दोघींनाही एकेकच स्टार मिळाला. ज्याला ते खटकेल त्यानं २०२० नंतरची टाटा टियागो बघावी. जानेवारी २०२० मध्ये तिला चार स्टार मिळाले. थोडी जड आहे, तेवढी चपळ नाही, पण चालवून कंटाळा यावा अशीही नाही. या तिघींपैकी कोणती हे मी नाही ठरवणार, दाजीही नाही. तो चालवेल आणि तो ठरवेल.

बघायला जाल तेव्हा बैलाचे दात बघता तसं बघा. इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय असं समजा. मीटर चाळीस हजार म्हणतंय आणि क्लचचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबरावर विश्वास ठेवा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला वाळलेला गाळ दिसला तर गाडी पुरातून आलेली आहे. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२५ चा आपल्या सीनेचा, दोन्ही आठवत असतील. पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्तरीला तपासायला लावा. २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आपल्याच उसाचं, आणि जुन्या गाड्यांचं काही रबर बदलावं लागू शकतं हे सरकारनंही मान्य केलंय. आणि निदान अर्धा तास चालवा, जिथं रोज जायचं आहे त्याच रस्त्यावर.

कागद शेवटी, पण सगळ्यात पक्के. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. एमएच-१२ ची गाडी एमएच-४५ ला आणायची तर आधी एनओसी. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो आपल्याला मिळणार असं एजंट म्हणाला तर एजंट बदला. विकणाऱ्यालाही सांगा की नाव बदललं नाही तर अपघाताची भरपाई आरसीवरच्या नावाला भरावी लागते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. मग तोच तुमच्या मागे लागेल.

असो. दाजी, काका, दादा, तुम्ही तिघांनी प्रेमापोटीच सांगितलं हे मला माहीत आहे. पण लोकांची नजर त्या गाडीवर पडणार वरातीत आणि जत्रेत, वर्षातून चार वेळा. उरलेल्या दिवशी पहाटे आणि रात्री त्या रस्त्यावर तो एकटा असणार, पुढे ट्रॉली, बाजूला ऊस, आणि हातात स्टेअरिंग.

येत्या रविवारी आम्ही अकलूजला दोन गाड्या बघायला जातोय. ज्यांना सल्ला द्यायचा आहे त्यांनी जरूर यावं. फक्त मागच्या सीटवर बसायचं.