तळव्यावरचा काळा डाग जाळू नका

आपल्याकडे तळपायाला काही झालं की त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं. कुरूप झालं, भोवरी आली, काटा मोडून आत राहिला. इलाजही ठरलेले: बिब्ब्याचा चटका द्यायचा, ब्लेडने तासायचं, मेडिकलवरून कुरुपाची पट्टी आणून चिकटवायची. बहुतेकांना खरोखर कुरूपच झालेलं असतं, यात शंका नाही. पण डाग काळा, तपकिरी किंवा निळसर असेल आणि वाढत असेल, तर हात जोडून सांगतो, त्याला बिब्बाही लावू नका आणि ब्लेडही. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

तो मेलानोमा असू शकतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. ऑस्ट्रेलियात तो वर्षाला लाखामागे तिसाहून जास्त लोकांना होतो, भारतात लाखामागे एकालाही होत नाही. त्यामुळे हा गोऱ्यांचा आजार, आपल्या सावळ्या कातडीला त्याची भीती नाही, असं सगळेच धरून चालतात. डॉक्टरांच्याही तो चटकन ध्यानात येत नाही. तिकडे तो उन्हामुळे होतो, पाठीवर, पोटरीवर, चेहऱ्यावर दिसतो. आपल्याकडे, तसाच चीन, जपान, कोरियात, तो बराचसा ऊन पोचत नाही तिथे निघतो: तळपाय, टाच, तळहात, नखाखाली. म्हणजे जिथे माणूस सहसा पाहतच नाही.

अमेरिकेतल्या १९८६ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या आहेत. एकूण मेलानोमाच्या शंभर रुग्णांपैकी ९१ जण पाच वर्षांनंतरही या आजारातून वाचलेले होते. तळवे आणि नखांच्या मेलानोमात हा आकडा ८० वर आला आणि त्यातल्या आशियाई वंशाच्या रुग्णांत ७० वर. हे प्रमाण घटण्याचं एक मोठं कारण म्हणजे उशीर. मेलानोमा किती खोल गेला, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असेल तर तेवढा भाग कापून काढला की बहुतेक रुग्ण बरे होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की तो जांघेतल्या गाठींत, फुप्फुसात, यकृतात पोचण्याचा धोका फार वाढतो. मग महागडी औषधं आली, आणि तळव्याच्या मेलानोमावर ती गोऱ्यांच्या नेहमीच्या मेलानोमाइतका गुणही देत नाहीत. जांघेत अवधाण आलं म्हणून लेप लावत बसलेल्या माणसाने एकदा त्याच पायाचा तळवा उलटून पाहावा.

नखाचं थोडं नीट सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो. ठेच लागली की नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. ते रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख येतं. हाताचं नख साधारण सहा महिन्यांत नवं होतं, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. मेलानोमाचा काळेपणा असा निघून जात नाही. मुळापासून टोकापर्यंत उभी पट्टी असते, ती रुंद होत जाते, काळेपणा नखामागच्या कातडीवर उतरतो, पुढे नख चिरतं. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक रेघा असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. मोठेपणी एकाच नखावर नव्याने आलेली आणि वाढणारी पट्टी मात्र दाखवायलाच हवी. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याला असंच झालं होतं. ती फुटबॉलची इजा समजली गेली. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले.

काही मेलानोमा काळे नसतातच. तळव्यावर लालसर मांस वाढतं, रक्त येतं, जखम महिना-महिना भरत नाही. साखर वाढलीय म्हणून जखम भरत नसेल, असं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या लोकांत हा आजार तोंडात आणि गुदद्वारातही होतो. टाळूवरचा काळा डाग मिश्रीचा समजला जातो. शौचावाटे रक्त आलं की भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात वाचून माणूस तिथे जातो. तपासणीशिवाय मूळव्याधीचं औषध घेऊ नका, मग ते कुणीही देवो.

सुरी लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. तज्ज्ञाने नीट घेतलेल्या तुकड्याने तो पसरत नाही. नुकसान होतं ते जाळण्याने आणि तासण्याने. आजार आतच राहतो आणि वरची खूण पुसली जाते. कुठल्याही दवाखान्यात डाग किंवा गाठ काढली, तर ती तपासायला पाठवली का, हे विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या. काढून टाकलेला तुकडा कचऱ्यात गेला, तर पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्हीकडे आधी त्वचारोग विभागात जा. रिपोर्टमध्ये मेलानोमा आला तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा परळचं टाटा गाठा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

मुखेड, कंधार, जळकोटकडची माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि चार-सहा महिने फडावर असतात. त्या काळात पाय दाखवायला सवड मिळत नाही, एक दिवस बुडाला की खाडा लागतो. म्हणून निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे पाय घासून धुवा, मोबाइलच्या उजेडात टाच, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघा. म्हाताऱ्यांना स्वतःचा तळवा दिसत नाही, त्यांचे पाय नातवंडांनी बघावेत. डाग दिसला तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि निघण्याआधीच दवाखाना करून या.