फुप्फुसाचे प्रथिन मोजाल, पण मजुराचे काय?

खाणीत दगड फोडणारा किंवा खडी क्रशरवर राबणारा मजूर खोकू लागला की अनेकदा त्याच्या हाती क्षयाच्या गोळ्या पडतात. गोळ्या संपतात, खोकला संपत नाही, धाप वाढतच जाते. अशा कित्येकांना सिलिकोसिस झालेला असतो. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे कायमचे व्रण पडतात. एक्स-रेमध्ये ते दिसू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. हा आजार बरा करणारे औषध नाही.

म्हणून सीसी-१६ या प्रथिनाची माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली पाहिजे, असे आम्हाला वाटते. श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांतील क्लब पेशी ते तयार करतात. त्यातले थोडे रक्तात उतरते. धुळीने या पेशींना इजा झाली की रक्तातले प्रमाण घटते. याच आधारावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने सिलिकोसिसचा धोका लवकर ओळखणारी रक्तचाचणी विकसित केली आहे.

तराजूला खरे वजन लागते, तसे अशा मोजणीलाही शुद्ध प्रथिनाचे ठरावीक माप लागते. त्यासाठी माणसाचे जनुक जिवाणूत घालून तेच प्रथिन प्रयोगशाळेत बनवतात. त्याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. संशोधनासाठी ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने विकले जाते. ते रोग्याला देण्याचे औषध नव्हे. त्या नावाने कोणी इंजेक्शन विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

चाचणीच्या मर्यादाही ओळखू या. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही हे प्रथिन घटते. म्हणजे 'विडी ओढतोस म्हणून झाले' अशी पळवाट मालकाला आयतीच मिळते. म्हणून ही चाचणी फक्त चाळणी आहे. निदानासाठी एक्स-रे आणि कामाचा पूर्ण इतिहास हवाच.

आमची खरी काळजी पुढची आहे. प्रमाण कमी आले म्हणून मजुराला कामावरून काढले, तर हीच चाचणी त्याच्या मुळावर येईल. १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याचा आजार कळवणार कोण? राजस्थानने २०१९ च्या धोरणात प्रमाणित रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपयांची तरतूद केली. प्रत्येक राज्यात असे संरक्षण हवे.

चाचणी तालुक्याच्या रुग्णालयात मोफत मिळावी. अहवालाची प्रत मजुराच्या हाती पडावी. धोका दिसला तर त्याला मजुरी न कापता धुळीबाहेरचे काम मिळावे. आणि दगड फोडताना, छिद्रे पाडताना पाणी मारून धूळ जागीच दाबावी. धूळ थांबली नाही, तर कितीही चाचण्या केल्या तरी आपण केवळ मजुराची झीज मोजत बसू.