‘सिद्ध झालं’ म्हणायची घाई कशाला?

समजा, तुम्ही राजोडीचे. परीक्षेचं सेंटर आलं विरारला, मित्राचं थेट चर्चगेटला. मोबाइल बाहेर जमा. तरी दोघांच्या उत्तरपत्रिका शब्दन्‌शब्द सारख्या, अगदी चुकांसकट! तपासणारा काय म्हणेल? हे दोघं आधी कुठेतरी एकत्र बसले असणार.

विश्वाचंही असंच आहे. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचं तापमान जवळपास तेच, 2.725 केल्विन. फरक लाखात एका भागाएवढा. साध्या बिग बँगच्या हिशेबात या टोकांची कधी गाठच पडलेली नाही. 1980 च्या सुमारास ॲलन गूथने तोड सुचवली: ती आधी अगदी जवळ होती, मग सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात विश्व प्रचंड फुगलं. हेच इन्फ्लेशन. (महागाईवालं नव्हे.)

रील्सवर हे ‘सिद्ध झालं’ म्हणून फिरतं. माझा आक्षेप तिथे आहे.

पुरावा आहेच. त्या लाखातल्या एका फरकात लहान-मोठ्या चढउतारांचं प्रमाण कसं बदलतं, ते प्लँक उपग्रहाने मोजलं. आकडा आला 0.965. सगळीकडे समान असतं तर 1 आला असता. इन्फ्लेशनची साधी मॉडेल्स 1 पेक्षा किंचित कमीच सांगत होती. भारी आहे हे. पण फुगताना उठलेल्या गुरुत्वीय लहरींची खूण अजून मिळालेली नाही. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 च्या टीमने ती मिळाल्याचं जाहीर केलं. इन्फ्लेशनवाले आंद्रेई लिंडे यांच्या दारात शॅम्पेन पोहोचली, व्हिडिओ जगभर गाजला. जानेवारी 2015 पर्यंत कळलं की बराचसा सिग्नल आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा!

आपले जयंत नारळीकर, पुण्यातल्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक, बिग बँगलाच शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत 1993 मध्ये त्यांनी मांडलेला पर्याय बहुतेकांना पटला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पण ज्या ऊर्जेचं भौतिकशास्त्र कुठल्याच प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, त्यावर एवढा इमला कसा उभारता, हा त्यांचा सवाल हट्टीपणाचा नव्हता. त्याला ‘म्हातारपणीचा हेका’ म्हणून हसणाऱ्यांनी ती शॅम्पेन आठवावी.

2021 मध्ये त्याच दक्षिण ध्रुवावरून नवी मोजमापं आली. लहरी असल्याच तर फारच क्षीण असणार, असं दिसलं आणि इन्फ्लेशनची काही सोपी, देखणी मॉडेल्स बाद झाली. शोध चालूच आहे. बीएस्सीनंतर काय करायचं हे ठरलं नसेल, तर इथे काम शिल्लक आहे.