एकोणिसावी परिषद

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटनेची, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील सार्कची, एकोणिसावी शिखर परिषद २०१६ च्या नोव्हेंबरात इस्लामाबाद येथे भरावयाची होती. ती भरली नाही. अद्यापही भरलेली नाही. त्या वर्षीच्या १८ सप्टेंबरला उरी येथील लष्करी तळावर हल्ला होऊन आपले जवान कामी आले, त्यानंतर दहा दिवसांच्या आत भारताने परिषदेस उपस्थित राहणार नसल्याचे कळविले, बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान यांनीही तसेच निरोप धाडले, आणि पाठोपाठ श्रीलंकेनेही माघार घेतली. २०१४ च्या काठमांडू परिषदेत नेपाळकडे आलेले अध्यक्षपद तेव्हापासून नेपाळकडेच राहिले आहे. काठमांडूत संघटनेची कचेरी आहे, तेथे सरचिटणीस येतात, मुदत संपली की परत जातात, अधिकाऱ्यांच्या बैठका अधूनमधून होतात. परंतु ज्या एका प्रसंगासाठी हा सारा सरंजाम उभा केला, तो प्रसंग मात्र घडत नाही. याचे फारसे कोणास दुःख झालेले दिसत नाही. मला ते होते.

या संघटनेची कल्पना १९८० साली बांगलादेशचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी शेजारच्या राष्ट्रप्रमुखांपुढे मांडली, तेव्हा तिचे स्वागत संशयाने झाले होते. लहान शेजारी एकत्र येऊन आपल्याविरुद्ध फळी उभारतील, ही शंका दिल्लीला होती. या निमित्ताने भारताचे वर्चस्व सर्वांच्या माथी बसेल, ही भीती इस्लामाबादला होती. १९८१ च्या एप्रिलात कोलंबो येथे परराष्ट्र सचिवांची पहिली बैठक झाली, आणि पुढच्याच महिन्यात चितगावमध्ये झियाउर रहमान यांची हत्या झाली. आपल्या कल्पनेला आलेले मूर्त स्वरूप पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात राष्ट्रांच्या प्रमुखांनी सनदेवर सह्या केल्या. भारताचे राजीव गांधी, पाकिस्तानचे झिया उल हक, बांगलादेशचे इर्शाद, श्रीलंकेचे जयवर्धने, मालदीवचे गयूम, नेपाळ आणि भूतानचे नरेश, अशी ती मंडळी होती. कोणी निवडून आलेले, कोणी लष्करी बळावर सत्ता घेतलेले, कोणी वंशपरंपरेने सिंहासनावर बसलेले. अशा भिन्न प्रकृतीच्या सत्ताधीशांना एका मसुद्यावर आणणे हे साधे काम नव्हते.

या सनदेचे दहावे कलम टीकाकारांच्या विशेष रोषास पात्र झाले आहे. सर्व निर्णय एकमतानेच घ्यावेत, आणि दोन राष्ट्रांमधील किंवा वादग्रस्त प्रश्न चर्चेस घेऊ नयेत, असे ते सांगते. ज्या प्रश्नांपायी युद्धे होतात तेच वगळून प्रादेशिक सहकार्याची भाषा करणे व्यर्थ आहे, असा आक्षेप त्यावर चाळीस वर्षे घेतला जात आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. वादाचे प्रश्न पटलावर येणार नाहीत अशी हमी होती, म्हणूनच परस्परांचे तोंड पाहण्यास नाखूष असलेले शासनकर्ते आपापल्या देशात नामुष्की न पत्करता त्या दालनात पाऊल ठेवू शकले. आणि एकदा ते एका छपराखाली आले, की पटलावर ज्याला मज्जाव होता ते बाजूच्या खोलीत बोलले जाई. तिसऱ्या कलमाने ही भेट दरसाल ठरविली होती. भेट मागावी लागत नसे, मागणारा लहान ठरत नसे, देणाऱ्याने मेहेरबानी केली असेही होत नसे. मुत्सद्देगिरीत या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

याचे उत्तम उदाहरण १९८८ च्या डिसेंबरातील इस्लामाबाद परिषदेचे आहे. झिया उल हक यांचा ऑगस्टमध्ये विमान अपघातात अंत झाला होता, बेनझीर भुट्टो पंतप्रधानपदी येऊन महिनाही उलटला नव्हता, आणि केवळ सार्कच्या निमित्ताने राजीव गांधी तेथे गेले. परिषदेचा जाहीरनामा आज कोणाच्या स्मरणात नाही, परंतु ३१ डिसेंबरला, दोन्ही पंतप्रधानांच्या उपस्थितीत, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्याची बोलणी राजीव गांधी आणि झिया यांच्यात १९८५ च्या डिसेंबरात, म्हणजे ढाक्याच्या पहिल्या परिषदेनंतर अवघ्या काही दिवसांत, दिल्लीत झाली होती. करारान्वये दर १ जानेवारीस दोन्ही राष्ट्रे आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या परस्परांच्या हवाली करतात. १९९२ साली हा क्रम सुरू झाला, आणि कारगिलच्या युद्धानंतर तो खंडित झाला नाही, संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर फौजा उभ्या होत्या तेव्हाही झाला नाही, आणि मुंबईवरील हल्ल्यास पाच आठवडे उलटले असताना, २००९ च्या पहिल्या दिवशीही त्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. तारापूरच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने हा करार कधी वाचला नसेल, पण त्याच्या सुरक्षिततेचा एक भाग त्या कागदावर अवलंबून आहे.

दुसरा प्रसंग काठमांडूच्या परिषदेचा, २००२ च्या जानेवारीतला. संसदेवर हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता. आपले भाषण संपवून पाकिस्तानचे जनरल मुशर्रफ व्यासपीठावरून थेट पंतप्रधान वाजपेयींपाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. वाजपेयींनी तो हातात घेतला. पण आपल्या भाषणात त्यांनी, या हस्तांदोलनामागून कृती आली पाहिजे, पाकिस्तानच्या ताब्यातील भूमीवरून भारतात हिंसाचार घडविणाऱ्यांना आवर घातला पाहिजे, हे सर्वांसमक्ष आणि निःसंदिग्ध शब्दांत बजावले. सौजन्य आणि करारीपणा एकाच वेळी कसा राखावा, याचा हा वस्तुपाठ मला आजही आदर्श वाटतो. २००३ च्या नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली, आणि २००४ च्या जानेवारीत वाजपेयी बाराव्या परिषदेसाठी इस्लामाबादला गेले असता, आपल्या ताब्यातील कोणत्याही प्रदेशाचा उपयोग दहशतवादासाठी होऊ देणार नाही, अशी ग्वाही मुशर्रफ यांनी संयुक्त निवेदनात दिली. ती पाळली गेली नाही, हे आपण मुंबईत भोगले आहे. तरीही, वचन लेखी आणि जगासमोर घेतलेले असल्यामुळेच त्याच्या भंगाचा जाब भारत विचारू शकला.

परिषदा पूर्वीही तहकूब झाल्या होत्या. भारताची शांतिसेना श्रीलंकेत असेपर्यंत तेथील अध्यक्ष प्रेमदासा यजमानपद स्वीकारीनात, म्हणून कोलंबोची पाळी टळून १९९० ची परिषद मालेला गेली. बाबरी मशीद पाडली गेल्यावर ढाक्याची परिषद १९९३ च्या एप्रिलपर्यंत लांबली. मुशर्रफ यांनी सत्ता बळकावल्यावर काठमांडूची परिषद दोन वर्षांवर रेंगाळली. परंतु त्या तहकुबींना अंत होता. आताची तहकुबी अंतहीन होऊ पाहत आहे, आणि तिची सवय जडत चालली आहे.

ज्यांच्या हातून आपली माणसे मारली जातात, त्यांच्या पाहुणचारास का जावे, हा प्रश्न मी हलका मानीत नाही. उरीनंतर न जाण्याचा निर्णय मला त्या घडीला योग्यच वाटला होता. २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे निःशस्त्र प्रवाशांची हत्या झाली, त्यांत आपल्या महाराष्ट्राचीही माणसे होती. त्यानंतर सार्क योजनेखालील प्रवेशपरवाने पाकिस्तानी नागरिकांपुरते रद्द झाले, तेव्हा त्याविरुद्ध बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. पण निषेधाची एक मुदत असते. ती ओलांडली की शिक्षा अपराध्यापुरती राहत नाही. नेपाळ, भूतान, मालदीव, श्रीलंका या कोणताही अपराध नसलेल्या शेजाऱ्यांच्या हातून, वर्षातून एकदा सर्वांच्या बरोबरीने बसण्याचे, त्यांना लाभलेले एकमेव आसन काढून घेतले जाते.

पर्याय निघाले आहेत, हे खरे. भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांनी २०१५ साली थिंपू येथे वाहनांच्या वाहतुकीचा करार केला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोहोचली. मला याचा मनःपूर्वक आनंद आहे. परंतु या व्यवस्था स्नेह्यांच्या आहेत. ज्याच्याशी भांडण आहे तो तेथे येतच नाही, आणि सुरक्षेचा प्रश्न तर त्याच्याशीच आहे. आर्थिक बाजूही पाहावी. या प्रदेशाचा आपसातील व्यापार एकूण व्यापाराच्या अवघ्या ५ टक्क्यांच्या आसपास आहे. आग्नेय आशियात तोच २५ टक्क्यांच्या घरात जातो. २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरांत आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली, तेव्हा लासलगावचा शेतकरी आणि ढाक्याची गृहिणी दोघेही एकाच हुकमाने पोळले. सार्कच्या मुक्त व्यापार करारान्वये व्यापारमंत्र्यांची एक परिषद आहे. असे निर्णय घेण्यापूर्वी शेजाऱ्यास पूर्वसूचना द्यावी, एवढा नियम तिने केला असता, तर दोन्ही घरांचे नुकसान पुष्कळ टळले असते.

माझ्या मते एकोणिसावी परिषद इस्लामाबादेतच व्हावी हा आग्रह सोडून ती काठमांडूला न्यावी. संघटनेची कचेरी तेथे आहे, अध्यक्षपद नेपाळकडे आहे, आणि स्थान बदलण्यास १९९० चा दाखला आहे. पाकिस्तानने यास संमती दिली नाही, तर दोष कोणाचा हे जगास दिसेल.

आणि एका कामासाठी तर परिषदेचीही वाट पाहू नये. पालघर, डहाणू, तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर मोलमजुरीने जातात, समुद्रात जिची खूणही नाही अशी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले जातात, आणि कराचीच्या मालीर तुरुंगात वर्षे काढतात. तिकडचे मच्छीमार तसेच आपल्या तुरुंगांत असतात. २००४ नंतर सुरू झालेल्या बोलण्यांतूनच अशा कैद्यांसाठी दोन्हीकडील निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली गेली. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटे, आजारी आणि शिक्षा भोगून झालेल्यांच्या सुटकेची शिफारस करी. २०१३ नंतर ती गेलेली नाही. १ जानेवारी आणि १ जुलैस कैद्यांच्या याद्या मात्र अजून बदलल्या जातात, म्हणजे नावे दोन्ही सरकारांच्या दप्तरी आहेत. दिल्लीने आपले न्यायाधीश जाहीर करावेत, इस्लामाबादला तसे कळवावे, आणि पहिल्या भेटीची तारीख मागावी.